पीएफ काढून कर्ज फेडायचं? आधी कोणतं कर्ज, ते ठरवा

प्रश्न समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावातून आला आहे. थोडक्यात असा:

वय ३९. हिंगणघाटच्या एका सूतगिरणीत अकरा वर्षांपासून कामाला, पीएफ ज्यावर कापला जातो तो पगार १५,००० रुपये. वडिलांच्या नावावर चार एकर कोरडवाहू. बहिणीच्या लग्नाला सावकाराकडून ८०,००० घेतले, शेकडा चारने. दोन वर्षं महिन्याला ३,२०० दिले, गेले आठ महिने जमलं नाही, आता तो १,०५,६०० सांगतो. त्याला वडिलांनी एका एकराची खरेदी लिहून दिली आहे. बायकोच्या नावावर दोन मायक्रोफायनान्स गटांचे मिळून ४६,००० बाकी, हप्ता महिन्याला ४,६००. खासगी फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन १,२०,००० बाकी, व्याज १८ टक्के, त्याचाही हप्ता ४,६००, तो पगाराच्या खात्यातून कटतो. सोसायटीचं पीक कर्ज ९५,०००, वडिलांच्या नावे, दोन वर्षांपासून थकीत. सगळं मिळून ३,६६,६००. पीएफमध्ये आहेत ३,८५,०००. "गिरणीतले लोक म्हणतात राजीनामा टाक, दोन महिने घरी बस, पूर्ण पीएफ काढ, सगळं एकदाचं फेड, मग परत लाग. करू का? रात्री झोप लागत नाही."

भाऊ, राजीनामा टाकू नका. बाकीचं त्यानंतर बोलू.

दोन महिने घरी बसून पीएफ काढायची ही वाट जुनी आहे. जिनिंगमध्ये, गिरण्यांमध्ये, एमआयडीसीत सगळ्यांना ती पाठ आहे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफ चालवणाऱ्या ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ती बदलायचा निर्णय घेतला. नोकरी सुटल्यावर ७५ टक्के लगेच आणि उरलेले २५ टक्के बारा महिने बिनकामाचे गेल्यावर. म्हणजे ज्या पूर्ण रकमेसाठी राजीनामा द्यायचा, ती दोन महिन्यांत हाती येईल हे धरूनच चालू नका. मधल्या काळात पगार बंद, गटाचा हप्ता चालू. आणि गिरणी परत घेईल याची हमी कोणी दिली? घेतलं तरी कायम कामगार म्हणून घेतील की ठेकेदाराच्या हजेरीवर टाकतील? असे बरेच जण मी बघितले आहेत, परत लागले ते ठेकेदाराकडेच.

शिवाय तुमची अकरा वर्षं झाली आहेत. दहा वर्षं झाली की ईपीएसच्या, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेच्या, पेन्शनचा हक्क पक्का होतो. ५८ व्या वर्षापर्यंत टिकलात तर तीस वर्षांची सेवा होईल. १५,००० गुणिले ३० भागिले ७०, म्हणजे महिन्याला ६,४२८ रुपये, आणि वीस वर्षांहून जास्त सेवेची दोन वर्षं वाढीव धरली तर त्याहून थोडे जास्त. आजच थांबलात तर हाच हिशोब २,३५७ वर येतो. नोकरीत असेपर्यंत ईडीएलआयचा विमाही चालू असतो. कामगाराचं नोकरीत असताना काही बरंवाईट झालं तर घरच्यांना किमान अडीच लाख, जास्तीत जास्त सात लाख मिळतात. त्याला वेगळा हप्ता लागत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही नसतो. राजीनाम्याबरोबर तोही जातो.

आता तुमच्या ३,८५,००० बद्दल. पासबुक मोबाईलवर उघडा. तिथे तीन रकाने दिसतील: तुमचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शनचा हिस्सा. पुष्कळ लोक तिन्ही रकान्यांची बेरीज करतात आणि नंतर पैसे कमी आले म्हणून ऑफिसला शिव्या देतात. पेन्शनच्या रकान्यातले पैसे पीएफ म्हणून मिळत नाहीत, ते पेन्शनच्या खात्यात जमा असतात. १५,००० च्या पगारावर मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये, दर महिन्याला तिकडेच जातात. तुमचा आकडा पहिल्या दोन रकान्यांचाच आहे ना, हे आधी तपासा. पगार आणि वर्षं बघता तसाच असावा असं वाटतं, तेव्हा पुढचा हिशोब ३,८५,००० धरूनच करतो.

तुम्ही म्हणता सगळं काढलं तर सगळं फिटतं. आकडे जवळजवळ जुळतात, आणि नेमका तिथेच माणूस फसतो. बेरीज करताना तुम्ही चारही कर्जं एका मापाने मोजली. त्यांचं व्याज वेगळं आहे हे तर आहेच. पण मी व्याजाच्याही आधी एक विचारतो: हे कर्ज थकलं तर समोरचा तुमचं काय नेऊ शकतो?

मी सहकारी बँकेच्या वसुलीत नोकरी केली, आता कर आणि पीएफची कामं करतो. वसुलीत असताना ट्रॅक्टर ओढून आणले, गहाण जमिनीच्या लिलावाच्या नोटिसा चावडीवर लावल्या. पण कर्जदाराच्या पीएफकडे बघायची सोय नव्हती. खात्यात आहे तोवर पीएफची रक्कम कोर्टाचा हुकूमनामा आणला तरी जप्त होत नाही. १९५२ च्या पीएफ कायद्यापासून हे संरक्षण आहे. खातेदार गेला तर नॉमिनीला मिळणारी रक्कमसुद्धा त्याच्या कर्जातून मोकळी असते. वहिनींचं नाव ई-नॉमिनेशनमध्ये आहे का? नसेल तर हे वाचून झाल्यावर तेवढं आधी करा, पाच मिनिटांचं काम आहे.

तर तुमच्या घरात कोणालाही हात लावता येणार नाही अशी एकच रक्कम आहे, ती ही. तिला २०२४-२५ चं व्याज ८.२५ टक्के लागलं. याच दराने धरलं तर आज काढलेला एक लाख तुमच्या ५८ व्या वर्षी साडेचार लाख झाला असता. ही रक्कम फोडायची असेल तर ज्याने तुमच्या जमिनीचा कागद धरून ठेवला आहे त्याच्यासाठी फोडा, आणि लागेल तेवढीच. जो नुसता फोन करून बोलतो, त्याच्यासाठी नाही.

या मापाने पहिला नंबर सावकाराचा. शेकडा चार म्हणजे वर्षाला ४८ टक्के. पण मला जास्त भीती त्या खरेदीची आहे. आपल्याकडे कर्जाला तारण म्हणून सरळ खरेदीखत लिहून घेतात. तोंडी ठरतं "पैसे दिले की पलटवून देतो" आणि कागद मात्र पक्क्या विक्रीचा असतो. कागदावर तुमचे वडील कर्जदार नाहीत, जमीन विकून मोकळे झालेले आहेत. सावकाराने उद्या ती जमीन तिसऱ्याला विकली तर भांडण कित्येक वर्षांचं होतं.

म्हणून सगळ्यात आधी ताजा सातबारा काढा. एकराच्या त्या तुकड्यावर अजून वडिलांचं नाव आहे, की फेरफार होऊन सावकाराचं चढलं? खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं आहे, की नुसता स्टॅम्पवरचा करारनामा आहे? जमीन वाहतं कोण? या तीन गोष्टींवर पुढचं सगळं अवलंबून आहे. कोरे चेक किंवा कोरे स्टॅम्प दिले असतील तर तेही आठवून लिहून काढा.

त्याच्याकडे परवाना आहे का हेही विचारा. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी (नियमन) कायदा आहे. परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारणी कर्जावर १२ टक्के यापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. महिन्याला नाही, वर्षाला. परवाना नसताना सावकारी करणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि परवाना नसलेल्याला कोर्टातून वसुलीचा हुकूमनामाही मिळत नाही.

आता हा हिशोब बघा. ८०,००० वर ९ टक्क्यांनी दोन वर्षं आठ महिन्यांचं व्याज होतं १९,२००. मुद्दल धरून ९९,२००. तुम्ही आजवर दिले २४ महिन्यांचे ३,२०० प्रमाणे ७६,८००. कायद्याच्या मापाने तुमच्याकडे निघतात २२,४००. तो सांगतो १,०५,६००. हा कागद करून खिशात ठेवा.

२२,४०० वरच मिटेल असं मी म्हणत नाही. जमिनीचा कागद त्याच्या हातात आहे आणि गावात रोज तोंडं बघायची आहेत. सातबारा अजून वडिलांच्या नावावर असेल, शेत तुम्हीच वाहत असाल, तर बसून मिटवा. सोबत एखादा जाणता माणूस न्या, आणि सावकारीच्या तक्रारी बघणाऱ्या जिल्हा उपनिबंधकांकडे जायची तयारी आहे हे त्याला शांतपणे कळू द्या. मी तर म्हणतो मुद्दलावर, म्हणजे आणखी ८०,००० वर तोडलं तरी जमिनीसाठी ते घ्या. मात्र फेरफार होऊन बसला असेल आणि तो गिऱ्हाईक शोधतोय असं कानावर आलं असेल, तर बोलणीत वेळ घालवू नका. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्या. सावकारीच्या व्यवहारातून गेलेली जमीन परत देण्याचा आदेश काढायचा अधिकार त्यांना आहे. वेळ लागतो, पण अर्ज दाखल झाला ही गोष्टही पुष्कळदा पुरते. तुम्ही दिलेल्या पैशाचा पुरावा काय, हे तिथे पहिल्यांदा विचारतील. फोन-पेने दिले असतील तर त्याची नोंद, नगदी दिले असतील तर साक्षीदार, डायरीतल्या तारखा, जे असेल ते गोळा करा.

मिटलं तर पैसे आणि कागद एकाच दिवशी, एकाच टेबलावर. "आधी पैसे आणून दे, खरेदी दिवाळीनंतर करून देतो" हे अजिबात ऐकायचं नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात फेरखरेदीचं खत तयार करून घ्या, डिमांड ड्राफ्ट किंवा आरटीजीएसने पैसे द्या, सह्या आणि अंगठे झाले की कोरे चेक तिथेच परत मागा. फेरखरेदीला मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च येतो, तो कोण करणार हे बोलणीतच ठरवा, नाहीतर ऐन वेळी त्यावरून अडतं. नगदीच पाहिजे असा त्याचा हट्ट असेल तर त्याचं कारण तुम्हाला मी सांगायला नको. त्यानंतर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, फेरफार लावून सातबारा हातात येईपर्यंत हे काम संपलेलं नाही.

वहिनींच्या गटांचे ४६,००० हे माझ्या यादीत दुसरे. इथे जमीन नाही, तारण नाही. मायक्रोफायनान्स हे बिनतारणीच असतं. मग पीएफ कशाला? दोन कारणं. व्याज साधारण २२ ते २६ टक्क्यांच्या घरात असतं, आणि हप्ता थकला की बोलणी वहिनींनाच खावी लागतात, कंपनीच्या माणसाची आणि गटातल्या बायांचीही. गटाच्या बैठकीत थकलेल्या बाईला सगळ्यांसमोर उभं करतात, ते कोणत्या नोटिशीत लिहिलेलं नसतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार असं कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड घेता येत नाही, तेव्हा बंद करायला जाल तेव्हा कोणी "प्रीक्लोजरचा चार्ज" सांगितला तर लेखी मागा. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायलाही मनाई आहे.

एक अट मात्र आहे. कर्ज बंद झालं की आठवड्याभरात तोच माणूस येईल: "वहिनी, तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे, आता ६० हजार देतो." या पायरीवर कित्येक घरं पुन्हा घसरतात. वहिनींशी आत्ताच बोलून ठेवा आणि बंद केल्याचा दाखला दोन्ही कंपन्यांकडून घ्या.

म्हणजे पीएफमधून काढायचे सावकारासाठी ८० हजार ते १ लाख ५ हजार आणि गटांसाठी ४६ हजार, वर मुद्रांकाचा खर्च. दीड लाखाच्या आसपास. उरतात २,३५,०००, आणि आजच्याच व्याजाने धरलं तर तुमच्या ५८ व्या वर्षी ते साडेदहा लाखांच्या घरात जातात. दर महिन्याची नवी वर्गणी वेगळी.

पर्सनल लोनला हात लावू नका, असं मी म्हणतो तेव्हा हिशोबी लोक भांडतात. १८ टक्क्यांचं कर्ज आणि ८.२५ टक्क्यांची ठेव, फेडण्यातच फायदा नाही का? नुसत्या गणिताने आहे. पण या कर्जाला तारण नाही, हप्ता वेळेवर जातोय, कोणी दारात येत नाही. आणि गटांचं कर्ज बंद झाल्यावर तुमचे महिन्याचे ४,६०० मोकळे होतात. ते तिकडेच लावा. आज ४,६०० च्या हप्त्याने हे कर्ज संपायला अजून पावणेतीन वर्षं लागतील, ९,२०० ने सव्वा वर्षात संपतं. पगारातूनच फिटतं, मग न जप्त होणारे सव्वा लाख त्यात का घालायचे? फक्त जास्तीची रक्कम मुद्दलात जमा होते की पुढच्या हप्त्यात धरून ठेवतात, हे कंपनीला विचारा, आणि मुदतीआधी भरल्याचा आकार किती तेही. आकार जास्त असेल तर ते ४,६०० पोस्टात आवर्ती ठेवीत टाका आणि पुरेसे साठले की एकदम बंद करा.

पीक कर्ज सगळ्यात शेवटी. सोसायटीत तुमच्या ९५,००० वरून गटसचिव कितीही बोलला तरी. ते वडिलांच्या नावावर आहे, तुमच्या पीएफचा आणि त्याचा कायद्याने काही संबंध नाही. सोसायटीला वसुली करायची तर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा दाखला, मग नोटिसा, मग जप्ती, असा लांबचा रस्ता आहे. आणि कर्जमाफी झाली तर ती याच कर्जाची होते. पर्सनल लोनची, गटाची, सावकाराची कधी होत नाही. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत दोन लाखांपर्यंतचं थकीत पीक कर्ज माफ झालं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरच्या आंदोलनानंतर राज्य सरकारने ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेण्याचं सांगितलं. निकष काय लागतात, वडील त्यात बसतात का, हे बघितल्याशिवाय पीएफमधून सोसायटी भरणं म्हणजे स्वतःच्या म्हातारपणातून सरकारचा खर्च उचलणं. २०१९ ला आयकर भरणारे आणि २५ हजारांवर पगार असलेले सरकारी नोकर वगळले होते, तसं काही यावेळीही असू शकतं. वडिलांच्या आधारची आणि बँक खात्याची जोडणी नीट आहे का एवढं मात्र आत्ताच तपासा. यादीत नाव आल्यावर तिथेच अडलेले लोक मी पाहिले आहेत.

माफी नाही मिळाली तर? तर नवं-जुनं करायचं, म्हणजे जुनं भरून नवीन उचलायचं, पण तेही कापसाच्या चुकाऱ्यातून. कारण ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरणाऱ्याला केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून शून्य टक्के पडतं. इतकं स्वस्त कर्ज तुम्हाला दुसरीकडे कुठे मिळणार? थकीत ठेवण्याची खरी किंमत वेगळीच आहे: पेरणीला नवीन कर्ज मिळत नाही आणि माणूस परत सावकाराच्या ओट्यावर जातो. तुमच्याकडेही तेच झालं का, हे तुम्ही लिहिलं नाही.

दुसरंही एक लिहिलं नाही. कृषी केंद्राची उधारी किती आहे? चार एकर कोरडवाहू आणि पीक कर्ज दोन वर्षांपासून बंद, मग बियाणं आणि खत आलं कुठून? ज्याच्याकडून उधार, त्यालाच माल, असं असेल तर तो भाव पाडून घेतो आणि ते व्याज कोणत्याच यादीत दिसत नाही. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ होता, तुमचं सोयाबीन कोणत्या भावाने गेलं? त्यातला फरक हेही कर्जाचं व्याजच समजा. सव्वा वर्षाने पर्सनल लोन संपलं की त्यापुढच्या हंगामापासून मोकळ्या झालेल्या ९,२०० तून बियाणं नगदी घ्यायचं ठरवा, त्यासाठी पीएफ लागत नाही.

आता पैसे काढायची पद्धत. आजवर कर्ज फेडायला पीएफ काढायचा तर घरकर्ज सोडून दुसरं कारणच फॉर्ममध्ये नव्हतं, म्हणून लोक आजारपण किंवा लग्न लिहायचे. एजंट तर सर्रास तेच करतो. खोट्या कारणाने काढलेली रक्कम व्याजासकट परत मागता येते, हे तो सांगत नाही. ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयात तेरा कारणांचे तीन गट केले आहेत. त्यातला एक "विशेष परिस्थिती"चा आहे आणि त्यात कारण सांगायची गरज ठेवलेली नाही. बारा महिन्यांची सेवा पुरते आणि खात्यात २५ टक्के शिल्लक ठेवावी लागते. तुमच्या बाबतीत ९६,२५० ठेवून २,८८,७५० पर्यंत काढता येतील, आपल्याला त्याच्या निम्मेच लागतात. अर्ज भरताना पोर्टलवर तो पर्याय दिसतो का ते बघा आणि जे खरं आहे तेच निवडा. तुमची सेवा पाच वर्षांच्या वर आहे, त्यामुळे कराची चिंता नाही.

उमंग अॅपवरून किंवा सदस्य पोर्टलवरून अर्ज फुकट होतो. हिंगणघाटला किंवा वर्ध्याला रकमेवर टक्केवारी घेणारे एजंट बसले आहेत, त्यांना ओटीपी देऊ नका. अर्ज नाकारला जातो तो बहुतेक वेळा नावामुळे: आधारवर वडिलांचं नाव मधे, पीएफमध्ये नाही, किंवा आडनावाचं स्पेलिंग वेगळं. दुसरं कारण बँकेचा आयएफएससी. खातं जुन्या विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत असेल तर ती १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली आहे, पीएफला जोडलेला कोड आजचा आहे का ते शाखेत विचारून घ्या. सगळं जुळत असेल तर पैसे लवकर येतात. आगाऊ रकमेचे पाच लाखांपर्यंतचे दावे आपोआप निकाली काढायची सोय जून २०२५ पासून आहे.

म्हणूनच अर्ज आधी टाकू नका. सावकाराशी रक्कम ठरली, खताचा मसुदा झाला, दुय्यम निबंधकाकडची तारीख मिळाली, मग अर्ज. पीएफच्या खात्यातलं संरक्षण बँकेत पैसे आले की संपतं. बचत खात्यात दीड लाख दिसले की घरातल्या दहा गरजा जाग्या होतात, ते वेगळंच.

वडिलांना हे सगळं माहीत आहे का? खरेदी त्यांनी लिहून दिली आहे, तेव्हा बोलणीला तेच लागणार. आणि झोपेचं म्हणाल तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी फोन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, नाव सांगायची सक्ती नाही.

असेच प्रश्न जिल्हा परिषदेच्या शिक्षकांकडूनही येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांचा जीपीएफ आहे, त्यात आधी परताव्याचा अग्रिम घ्या, ना-परतावा नंतर बघा. नंतर लागलेल्यांचं एनपीएस आहे. त्यातून मधेच पैसे काढायला कारणं मोजकी आहेत आणि तेही फक्त स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंत, म्हणून सावकाराच्या कर्जासाठी त्याचा भरवसा धरू नका. पोस्टात किंवा बँकेत पीपीएफ असेल तर खातं उघडल्यानंतर तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात त्यावर कर्ज मिळतं, तीन वर्षांत फेडलं तर व्याज १ टक्का. पीपीएफवरही कोर्टाची जप्ती येत नाही.

तुमचा सातबारा आणि खरेदीखताची झेरॉक्स बघितल्याशिवाय सावकाराला कोणता आकडा बोलू नका. वर्ध्याला उपनिबंधक कार्यालयात गेलात तर अर्जाची पोच शिक्क्यासकट मागून घ्या.